सगळं एकाच शेडमध्ये

आमच्या घरात खोल्यांना रंगावरून ओळखायची पद्धत होती. "निळ्या खोलीतून डबा आण," "गुलाबीत गादी टाक." गावी बोरीला होतो तेव्हा चुन्यात नीळ कालवली की रंगकाम संपायचं. परभणीला घर बांधलं, ऑइलपेंट परवडू लागला आणि बाबा सुटलेच. बैठक पिस्ता, स्वयंपाकघर निळं, आईची खोली गुलाबी आणि प्रत्येक दार वेगळं. पाहुणे दिपून जायचे. काही अजून सावरले नसतील.

बाबा गेल्यावर यंदा मी सुधारणा मनावर घेतली. इंटिरिअरवाला बोलावला. तो घरभर असा फिरला, जणू सांत्वनाला आलाय. "सर, तुमचे रंग फार ओरडतात," म्हणाला. इतकी वर्षं आम्हाला कसं ऐकू आलं नाही, याची मला लाज वाटली. मग त्यानं राखाडीच्या वीसेक छटा दाखवल्या. मला सगळ्या ओल्या सिमेंटसारख्या दिसल्या, पण अडाणी ठरू नये म्हणून मी बराच विचार केल्यासारखं करून एक निवडली. भिंती, कपाटं, दारं, सगळं तेच. दारांच्या कड्यासुद्धा काढल्या. दार भिंतीत मिसळून गेलं पाहिजे म्हणे. गेलं.

आईचे डोळे अधू. "रंग लय चांगला हाय," एवढं म्हणाली आणि नंतर दिवसभर पलंगावर बसून राहू लागली. शांत रंगानं माणसं कशी शांत होतात, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचो.

पंधरा दिवसांत तिला चक्कर आली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आजी, पाणी का पीत नाही?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी पेलं की उठावं लागतंय. संडासाचं दार घावना मला. दर येळी सुनंला कुटं हाका मारू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना बाजारातून शेंदरी ऑइलपेंटचा डबा घेतला आणि ते दार स्वतः रंगवलं. दोन ठिकाणी ओघळ आले. कडीही बसवली.

इंटिरिअरवाला फोटो काढायला आला तेव्हा दाराकडे बघून त्यानं कॅमेरा परत पिशवीत घातला.

आई आता पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते. माझ्याकडे कुणी मोठा माणूस बसलेला असला तरी बैठकीतून जाताना मुद्दाम थांबून सांगते, "चालले बघ मी. एकलीच."