श्वासाची जागा

माझ्या बायकोच्या मामांनी ट्रंपेट वाजवत लग्नाला तरी नेलं नाही किंवा कबरस्तानापर्यंत तरी पोचवलं नाही, असा माणूस आमच्या गावात सापडणं कठीण. कित्येकांना त्यांनी दोन्हीकडे नेलं. वसईत केळीच्या वाडीला लागून त्यांचं घर. पोटासाठी त्यांनी इतक्या ठिकाणी वाजवलं आणि इतक्या ठिकाणी शिकवलं की आपला नवरा नेमकं काय करतो, हे मामींनाही एका वाक्यात सांगता यायचं नाही. सकाळी ते एका शाळेत बँड शिकवत. मुलं तालात चालली तर आपण शिक्षक आणि बेताल चालली तर आपण नुसते वाजंत्री, अशी त्यांची व्याख्या होती. दुपारी कामणच्या एका गोदामात माल उतरवून घेत. संध्याकाळी गोखिवऱ्याच्या एका सोसायटीत कीबोर्डचा वर्ग. कीबोर्डला ते वाद्यच मानत नसत. "ह्याला श्वास लागत नाही. इस्त्रीलापण लागत नाही," म्हणायचे आणि शिकवायचे मात्र मन लावून. रविवारी चर्चचं गायनमंडळ, आणि मधल्या वेळात कुणाचं लग्न नाहीतर कुणाची मयत.

श्वास हे त्यांचं वेड. माणसाची पारख ते त्यावरच करत. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही की शिक्षण. वर्तमानपत्राचा तुकडा भिंतीला लावून धरला आणि फुंकर मारून तो तिथेच टिकवायला सांगितलं. तुकडा लगेच खाली आला. मामा भाचीकडे वळून म्हणाले, की मुलगा चांगला आहे, पण भांडणात टिकणार नाही. इतकी वर्षं झाली, त्यांचं चुकलेलं नाही. एकदा नवीन आलेल्या फादरांना त्यांनी मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या पायरीवर गाठलं आणि अदबीनं सांगितलं, की 'पापी' आणि 'माणूस' यांच्या मध्ये तुम्ही श्वास घेता, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात. फादर पुढच्या रविवारी ते वाक्य एका दमात म्हणाले आणि मामांनी मागच्या बाकावरून मान डोलावली.

साठी ओलांडल्यावर मामांचे पुढचे वरचे दात गेले. आपल्यासारख्याचे दात गेले तर शेंगदाणे सुटतात, ट्रंपेटवाल्याचं सगळंच सुटतं, कारण ओठांना आधार तिथलाच. कवळी बसवली, पण फुंकर मारली की ती हलायची. एका लग्नात वरच्या सुराला ती निसटली. मामांनी रुमाल काढून शिंक आल्यासारखं केलं आणि त्यानंतर त्यांनी वाजवलंच नाही. बँडच्या रांगेत उभे मात्र राहायचे. लाल कोट, ओठाला ट्रंपेट, गाल फुगवलेले, बोटं बिनचूक, आणि आवाज नाही. बँडवाल्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ज्यानं शिकवलं त्याला रांगेतून काढणार कोण? गावात कुणी बोललं नाही. उलट मामी प्रत्येक लग्नाहून परतताना शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायच्या, की आज ह्यांचा सूर छान लागला होता. मामा खाली बघून चप्पल काढत.

वाजवणं गेल्यावर शिकवणं अवघड झालं. करून दाखवायला काही उरलं नव्हतं, नुसतं सांगायचं. एकेक करत मुलं सुटली. राहिली फक्त ज्योती. सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी, बावीस वर्षांची, गोखिवऱ्यालाच राहणारी. ट्रंपेट शिकायला ती मामांच्या घरी यायची, त्यांना सर म्हणायची आणि चुकली की हसायची, ज्याचा त्यांना फार राग यायचा. एकच ओळ ते तिच्याकडून तीस-तीस वेळा वाजवून घेत. मामी आतून चहा आणत आणि पोरीला जरा बसू द्या म्हणत.

मामी मागच्या वर्षी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. कबरस्तानात सगळा गाव होता. मामा लाल कोट घालून आले होते, पण ट्रंपेट आणला नव्हता. त्यांनी ज्योतीला पुढे बोलावलं. शवपेटी खाली सोडण्याआधी आमच्याकडे निरोपाची एक जुनी चाल वाजवतात, ती तिनं वाजवली. मला वाटतं, तिनं इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. बायका रडायला लागल्या. माणसांनी दोर हातात घेतले.

तेवढ्यात मामांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. मग ज्योतीकडे वळले. "तिसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतलास. परत."

कुणाला कुठे बघावं कळेना. माझ्या बायकोनं त्यांचा दंड धरला. फादरांनी पुस्तक मिटलं. ज्योतीचा चेहरा पडला, पण तिनं ट्रंपेट उचलला आणि ती चाल पहिल्यापासून पुन्हा वाजवली. या वेळी रडत रडत, त्यामुळे खरोखरच दोनदा अडखळली. मामांनी टोकलं नाही. डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत उभे राहिले आणि मग हात खाली केला.

त्या दिवशी गावात सगळे म्हणाले, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मलाही राग आला होता. आठवड्यानं मी घरी गेलो तेव्हा ते वाडीच्या बांधावर बसले होते. मी विचारलंच, की बिचारीला त्या वेळी कशाला टोकलंत.

"चुकली नव्हती रे ती," ते म्हणाले. "एकदा वाजवून संपलं, आणि ते लोक दोर उचलायला लागले. मला वाटलं, तेवढ्यापुरती तुझी मामी अजून वर राहील."

मग म्हणाले, की हे तिला सांगू नकोस.

मी सांगितलं नाही. ज्योती आता दुसऱ्या गावी एका शाळेत बँड शिकवते. सुट्टीत येते, मामांच्या पाया पडते, आणि निघताना हमखास मला बाजूला घेऊन म्हणते, की सरांनी माफ केलं असेल ना, त्या दिवशी तिसऱ्या ओळीत मी खरंच घाई केली. मी मान हलवतो. मामा दारात उभे असतात, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.