माळावरचा बंगला आणि उषाबाईची सुट्टी

पुंजाराम आयुष्यात फारसं खोटं बोलला नाही. मोसंबीच्या व्यापाऱ्याशी दोन शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण तेवढं कोण मनावर घेतं? दिवाळीनंतर मात्र त्यानं लेकीला फोनवर एक वाक्य ऐकवलं आणि तेव्हापासून त्याचं स्वतःचंच अन्न गोड लागेना. वाक्य साधं होतं. "तुझ्या आईला बाहेरचं पचत न्हाई."

उषाबाईला काय पचत नाही ते कुंभार पिंपळगावातल्या कुणालाही विचारा. बाजारच्या दिवशी भज्यांच्या गाड्यावर उभी राहून ती मिरचीसकट भजी संपवते आणि वरून गुडीशेव बांधून आणते. उभ्या आयुष्यात तिनं पोट धरलेलं पुंजारामनं पाहिलेलं नाही. आजारी पडायला तिला वेळ तरी कुठं होता? बावीस वर्षं ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवत होती. पहाटे घरच्या भाकरी, मग दीडशे लेकरांची खिचडी, मग मोठाली पातेली घासणं आणि संध्याकाळी पुन्हा घरची चूल. दिवाळीच्या आधी शाळेनं तिला शाल-नारळ देऊन मोकळं केलं. हेडमास्तरांनी भाषणात तिला अन्नपूर्णा म्हटलं, आणि भाषण संपल्यावर पाहुण्यांचे पोहेही तिलाच करायला लावले.

त्यांची एकुलती एक लेक वंदना जालन्यात बँकेत आहे. तिनं आणि तिचा नवरा देवानंदनं ठरवलं, की आता आईला तीन दिवस कुठं तरी जंगलात घेऊन जायचं. वंदनानं फोनवर दोन जागांचे फोटो धाडले. एक होतं ताडोबाच्या वाटेवरचं लॉज. तिथं जीपमधून वाघ दाखवायला नेतात आणि तिन्ही वेळचं जेवण तेच देतात. दुसरा होता मंठ्याच्या पुढं माळावर एका व्यापाऱ्यानं बांधलेला बंगला. तिथं दुसरं कुणी नाही, भोवती निव्वळ माळ आणि काळविटं, आणि स्वयंपाक आपला आपण करायचा.

उषाबाईनं वाघाच्या फोटोवरून बोट सरकवलं. तिचं बोट थांबलं ते झाडाखाली मांडलेल्या टेबलावर. पांढरा सदरा घातलेला एक माणूस वाकून कुणा बाईच्या ताटात वाढत होता. त्या संध्याकाळी तिनं वंदनाला फोन लावला. पुंजाराम ओसरीवर बाजेवर पडला होता, डोळे मिटून, पण जागा.

"तिथं ते वाढत्यात का गं?" उषाबाईनं विचारलं. "आपुन नुसतं बसायचं?"

पलीकडून वंदना हो म्हणाली असणार, कारण उषाबाई हसली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना हसली होती तशी. पुंजारामनं ते हसणं नीट ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं.

खरं कारण त्याच्या पोटात होतं. तीन वर्षांमागं पुतण्याच्या लग्नात जालन्याच्या हॉटेलात त्यानं उभ्यानं जेवायचा प्रयत्न केला होता. हातात जड ताटली, समोर वीस प्रकार, कशाला हात लावावा ते कळेना. शेवटी दोन घास खाल्ले तोच एक गणवेशवाला "झालं ना सर" म्हणत ताटली उचलून घेऊन गेला. नाही म्हणायचं धाडस पुंजारामला झालं नाही. तो उपाशी घरी आला आणि उषाबाईनं रात्री पिठलं टाकलं. आता असले सर सर तीन दिवस ऐकायचे, या विचारानंच त्याला धडकी भरली. शिवाय बाहेर जाणं म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर मुंजाबाचं जेवण यायचं. दरसाल शेतातल्या पिंपळाखाली तीन दगडांची चूल, वरण-बट्ट्या, सगळ्या भावकीची पंगत. आयुष्यातले त्याचे सगळ्यात सुखाचे दिवस ते. त्या पंगतीत चुलीपाशी कोण असायचं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वंदनाचा फोन आला. आई म्हणते आबा म्हणतील तसं, तेव्हा तुम्हीच सांगा. मला तिथं लाज वाटते, असं साठीच्या माणसानं लेकीला कसं सांगावं? त्यानं ते पचनाचं वाक्य सांगितलं. वंदनानं ते विश्वासानं आईला सांगितलं. उषाबाई एवढंच म्हणाली, की मंग पीठ दळून ठेवावं लागंल.

निघताना गाडीत ज्वारीचं पीठ, डाळी, तिखट, तेलाची बरणी आणि घरचा तवा बसला. परक्या तव्यावर भाकरी चिकटली तर काय घ्या, म्हणून तवा.

बंगला छान होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुढं लांबरुंद व्हरांडा होता आणि समोर दूरवर पिवळं गवत. राखणदार त्रिंबक सिमेंटच्या हौदात पाणी भरायचा आणि सकाळ-संध्याकाळ काळविटांचा कळप तिथं यायचा. काळेभोर नर, पिळाची शिंगं, मागं दहा-बारा माद्या. पुंजारामनं जन्मभर त्यांना पिकातून हाकललं होतं. खुर्चीवर बसून बघण्याची ही पहिलीच वेळ.

स्वयंपाकघर मात्र मागच्या बाजूला होतं आणि त्याच्या खिडकीतून कुंपणाची भिंत दिसत होती. कळप यायची वेळ आणि चहाची वेळ एकच, कळप परतायची आणि भाकरीची एकच. वंदनानं हाक मारली की उषाबाई पिठाच्या हातानं धावत यायची आणि तिला लांब उडालेली धूळ दिसायची. लेक मदतीला गेली तर तिनं तिला पिटाळलं, तू आठवडाभर हापिसात राबतीस म्हणून. जावई प्रत्येक घासाला म्हणायचा, लॉजवर असली भाकरी कुठं मिळाली असती? ते ऐकलं की पुंजारामचा घास तोंडातच फिरायचा.

पहिल्याच संध्याकाळी त्याला कळून चुकलं होतं, आपण काय केलं ते. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून आतल्या दारातून तिची पाठ दिसायची. त्यानं खुर्ची फिरवून बघितली, तरी पाठ दिसतच राहिली. दुसऱ्या दिवशी तो कांदा चिरायला गेला. उषाबाईनं त्याच्या हातातून विळी काढून घेतली आणि मधी लुडबुड करू नका म्हणाली. तो बाहेर आला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच जास्त शरम वाटली. तिसऱ्या सकाळी त्यानं हट्टानं चहाचं दूध गॅसवर ठेवलं. तेवढ्यात काळविटं आली. तो व्हरांड्यात जाऊन बघत उभा राहिला आणि दूध उतू गेलं. उषाबाईनं शेगडी घासली, ओटा पुसला आणि मग चहा केला.

निघायच्या वेळी सामान गाडीत भरून झालं. उषाबाई तवा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. त्रिंबकची बायको जयवंताबाई पाटीत दोन भोपळे घेऊन आली. तिचं येणं-जाणं मागच्या दारानं, पुढच्या व्हरांड्याकडं ती कधी फिरकली नव्हती. भोपळे पुंजारामच्या हातात देत ती म्हणाली, "हे तुमच्या स्वयपाकीणबाईला द्या. लई गुणाची बाई हाये. पुढल्या बारीला घरच्या मालकीणबाईलाबी आना की संगं."

पुंजारामनं गाडीतल्या उषाबाईकडं बघितलं.

"तीच माझी मंडळी," तो म्हणाला.

जयवंताबाईनं पदर तोंडाला लावला. "मी इच्चारलं तर त्याच म्हनल्या. स्वयपाकाला आल्ते म्हनून."

गाडी माळ ओलांडून मंठ्याच्या रस्त्याला लागली. पुंजारामनं हळू आवाजात विचारलं, की तिला असं का सांगितलंस. उषाबाई बाहेर बघत होती.

"तिनं इच्चारलं, फिरायला आल्यात का कामाला. मंग खरं ते सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुंजारामनं दोन शब्द ऐकून घेतले असते आणि मन हलकं केलं असतं. पुढून वंदना म्हणाली, की पुढच्या वर्षी वाघ बघायला जाऊच, पण आईच्या खाण्यापिण्याची काही तरी सोय करावी लागेल.

"तिला समदं पचतंय," पुंजाराम म्हणाला. "मी खोटं बोललो व्हतो. मलाच त्या लोकांची लाज वाटत व्हती. तिनं तुला फोनवर इच्चारलं, ते वाढत्यात का, ते मी ऐकलं व्हतं. ऐकूनशान बोललो."

वंदनानं मागं वळून आधी त्याच्याकडं आणि मग आईकडं बघितलं. देवानंदनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. उषाबाईनं मांडीवरचा तवा जरा सरळ केला. आता ती काही तरी बोलेल, काहीही बोलेल, म्हणून पुंजाराम जीव मुठीत धरून बसला होता.

"पोचस्तोर अंधार व्हईल," ती म्हणाली. "गेल्या गेल्या काय टाकू, पिठलं का आमटी?"