दोन चुंबकं, एक डोकं

थोरल्या भावानं धाकट्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला तो धुऱ्यावरच्या बोरीच्या झाडापायी. झाड कोणाच्या हद्दीत, एवढाच वाद होता. धाकटा खाली पडल्यावरही थोरल्यानं आणखी दोन मारले. तिसऱ्या वेळी दांडाच मोडला, म्हणून थांबला. हे सगळं मला धाकट्याच्या बायकोनं पुढे सांगितलं.

मी वाशीमच्या एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय मशीन चालवते. माहेर कामरगावचं. घरात आमच्या पिढीआधी सगळे दुसऱ्याच्या वावरात राबले. मी पहिली, जिला लोक म्हणतात म्याडम. त्या शब्दाची मला चटक लागली होती, हे कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात तिचाही हात होता.

त्या वर्षी आमच्याकडे दोन मशीनं होती. जुनं होतं उघडं, शून्य पॉइंट तीन टेस्लाचं. वर एक चकती, खाली एक चकती, मध्ये माणूस. आमचे म्हातारे पेशंट त्याला जातं म्हणायचे. आवाज कमी, चारी बाजूंनी हवा, पण डोक्याच्या एका तपासणीला पाऊण तास जायचा. नवं दीड टेस्लाचं, म्हणजे पाच पट ताकदीचं. लांब बोगदा, आत हेलियमनं थंड केलेलं चुंबक, आणि सुरू झालं की पत्र्यावर कोणी हातोडा मारतोय असा आवाज. ते बसवलं तेव्हा तपासून पाहायला मीच दोन्हींत झोपले होते. जुन्यात माझा मेंदू दिसला तो गढूळ पाण्यातून दिसावा तसा. नव्यात घडी न् घडी मोजता येत होती. डॉक्टर म्हणाले, "डोकं तेच आहे बरं का, चुंबक बदललंय." मी हसले होते.

मार लागल्यावर तीन आठवड्यांनी धाकट्याला आणलं ते थोरल्यानंच. पोलिसात तक्रार झाली होती, आणि डोक्यात काही निघालं तर कलम वाढणार होतं. आधीच्या सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नव्हतं, तरी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. थोरला गोड बोलत होता, भावाच्या चपला उचलून ठेवत होता. मागे धाकट्याची बायको, पदर दातात धरलेला.

मी धाकट्याला आधी नव्या मशीनमध्ये घातलं. डोकं बोगद्यात शिरताच त्यानं किंकाळी फोडली, तपासणीसाठी डोक्यावर बसवलेला पिंजरा दोन्ही हातांनी उपटला आणि मला अशी लाथ हाणली की मी भिंतीवर आदळले. "मले मारून राह्यले! मले गाडून राह्यले!" दोघातिघांनी धरून त्याला बाहेर काढलं. मग जुन्या, उघड्या मशीनमध्ये तो निमूट झोपला. आम्ही तिथेच तपासणी उरकली.

रिपोर्ट डॉक्टर लिहितात. आम्ही तोंड उघडायचं नसतं. पण थोरल्यानं दारात मला अदबीनं विचारलं, "म्याडम, काही दिसलं का?" आणि माझ्या बरगड्या लाथेनं ठणकत होत्या, म्हणून असेल, किंवा त्या म्याडममुळे असेल, मी म्हणून गेले, "काही नाही."

थोरला धाकट्याच्या बायकोकडे वळला. "आयकलं? काही नाही म्हनते. सोंग करून राह्यला हा."

डॉक्टरांनी संध्याकाळी लिहिलं, की या तपासणीत विशेष दोष आढळला नाही, त्रास राहिल्यास जास्त ताकदीच्या मशीनवर पुन्हा पाहावं. यातलं दुसरं वाक्य त्या घरात कोणी वाचलं नाही. पहिलं वाचायचीही गरज नव्हती, ते मी तोंडी देऊन टाकलं होतं.

दोन महिन्यांनी बायको एकटी आली. भर दुपारी, रिसोडच्या एसटीनं. डावा डोळा सुजून बंद, खालच्या ओठाला टाके, एका हाताला प्लास्टर. मला वाटलं पेशंट आहे. मी फॉर्म पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला.

"तुमीच होत्या ना त्या दिवशी? तुमी म्हनलं काही नाही."

मी तो फॉर्म उलटा करून ठेवला.

"मंग हा मानूस मले काहून मारून राह्यला? पयले मुंगी मारे नाही. आता भाजीत मीठ कमी पडलं त चुलीतलं जळतं लाकूड घेते हातात. परवा लेकराच्या अंगावर उकळता चहा फेकला. म्या मधात हात घातला. मंग तो हातच मोडला त्यानं, हा असा, गुडघ्यावर ठेवून, काडी मोडते तसा." ती हे सांगताना रडत नव्हती. "मारून झालं का बसून राह्यते. इचारते, मी काय केलं? सासू म्हनते सोंग हाय. जेठ म्हनते सोंग हाय. म्हनते, मशीनीनं सांगतलं."

जेठ म्हणजे तो थोरला. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. लेकराची पाठ मोबाईलवर दाखवली. ती मी इथे लिहिणार नाही.

आत जाऊन मी जुन्या मशीनची चित्रं पुन्हा उघडली. कपाळामागचा भाग राखाडी, धूसर. काही नाही म्हणायला हरकत नव्हती आणि काही आहे म्हणायला जागा नव्हती. डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"जोराच्या दणक्यानं मेंदूत बारीक बारीक रक्तस्राव होतात, मोहरीएवढेसुद्धा नाही," ते म्हणाले. "रक्त जुनं झालं की त्यातलं लोखंड मागे राहतं. ते चुंबकाला कळतं. पण एवढंसं लोखंड, आणि हे चुंबक अशक्त. मोठ्या मशीनवर त्याच्यासाठी वेगळी तपासणी आहे. गुंगी देऊन करू."

"मी त्यांना काही नाही म्हणाले होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

धाकट्याला दुसऱ्यांदा बायकोनं आणि तिच्या आईनं आणलं, सासरी न सांगता. इंजेक्शन दिल्यावर तो दोन मिनिटांत निवला. झोपेत त्याचा चेहरा वेगळाच होता, शाळेतल्या पोरासारखा. मी त्याच्या कमरेचा करदोडा कापला, खिशातल्या किल्ल्या काढल्या, बोगद्यात घातला. वीस मिनिटं ठोके पडत राहिले. शेवटची तपासणी पूर्ण झाली, चित्रं साठवली गेली, आणि मी डोक्यावरचा पिंजरा काढायला आत गेले.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. गावातून कोणीतरी थोरल्याला फोन केला होता. मी मोठ्या मशीनच्या खोलीचं दार उघडून पाहिलं, ही माझी दुसरी चूक, कारण तपासणी संपली तरी आतलं चुंबक चालूच असतं. थोरल्यानं धाकट्याच्या बायकोला केसांना धरून बाकावरून ओढलं होतं. प्लास्टरचा हात फरशीवर घासत होता. तिची आई त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, त्याला कळतही नव्हतं.

"सोडा तिला!" मी ओरडले.

त्यानं मान वर केली. "तू कोन बे? कामरगावची नं तू? कोन्या आळीची, ठाव हाय मले. आमच्या घरच्या भानगडीत पडतं?"

"पोलिसांना बोलावते मी."

"बलाव!" त्यानं तिचे केस सोडले, कॉरिडॉरमधला सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि माझ्यावर धावून आला. मी मागे सरत मशीनपर्यंत पोचले. "लोखंड आत आणू नका!" असं मी दोनदा ओरडले. त्याला वाटलं असेल मी दया मागते आहे.

उंबरठा ओलांडून तो दोन पावलं आला असेल. स्टँड त्याच्या हातातून निसटला नाही, हिसकावला गेला. आडवा झाला, खालची जड बैठक गर्रकन फिरून त्याच्या गालावर बसली, आणि सगळा स्टँड धाकट्याच्या छातीवरून जाऊन बोगद्याच्या तोंडावर आदळला. माझा डावा हात तिथेच होता. दोन बोटं मध्ये सापडली. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला, दुखणं नंतर आलं. जुन्या मशीनजवळ असा स्टँड नेला असता तर जवळ गेल्यावर ओढ लागली असती, मी तो दोन्ही हातांनी आवरला असता. इथे तीन माणसांनीही तो हलला नसता.

डॉक्टरांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. त्या बटणानं हेलियम बाहेर सोडतात आणि चुंबक मरतं. छतावरच्या नळीतून असा घोंगावता आवाज निघाला की रस्त्यावरची माणसं पळाली. मी किंचाळत होते. मिनिटभरानं स्टँड आपोआप सैल झाला आणि खाली पडला. धाकटा झोपलेलाच होता, त्याच्या सदऱ्यावर माझं रक्त.

थोरला फरशीवर बसला होता. गाल दातांपर्यंत फाटलेला. तो आपल्या रिकाम्या हाताकडे पाहून पुन्हा पुन्हा विचारत होता, "कोनं ओढलं? माह्या हातातून कोनं ओढलं?"

चार दिवसांनी, बोटांत सळया घातलेल्या असताना, मी डॉक्टरांच्या खोलीत धाकट्याची चित्रं पाहिली. बायकोलाही बोलावलं होतं. कपाळामागे, दोन्ही बाजूंना, काळे ठिपके. कोणी शाई झटकावी तसे. ज्या जागी राग आवरला जातो, तिथेच.

"म्हंजे हे हाय?" तिनं विचारलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"सोंग नाही?"

"नाही."

ती पहिल्यांदा रडली तेव्हा. मग डोळे पुसून म्हणाली, "सोंग असतं त बरं होतं. सोंग कवातरी संपते."

अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. मार कमी झाला, बंद झाला नाही. तिनं लेकराला घेऊन रिसोडला आईकडे बिऱ्हाड केलं. धाकटा रविवारी येतो, ओसरीवर जेवतो. ज्या दिवशी ताट फेकतो त्या दिवशी ती दार लावून घेते. मला तिनं कधी माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

माझ्या हातासाठी मी तक्रार दिली. ठाण्यात तडजोडीचे सल्ले मिळाले, थोरल्याकडचे दोघं आमच्या दारात येऊन बसले. माझा बाप म्हणाला, "मागं घेऊ नको." मी घेतली नाही.

डोक्यातल्या माराच्या खटल्यात मला साक्षीला बोलावलं. थोरल्याच्या वकिलानं दोन्ही रिपोर्ट हातात धरले. "एकच डोकं, दोन मशीन, दोन निकाल. यातलं खोटं कोणतं?"

"खोटं कोणतंच नाही," मी म्हणाले. "लहान चुंबकानं त्याला दिसलं तेवढं सांगितलं. पुढे पाहा, असंही त्याच रिपोर्टात लिहिलंय. मोठ्याला जास्त दिसलं."

"मग काही नाही असं कोण म्हणालं होतं?"

"मी. मशीन नाही, मी म्हणाले होते."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

पुढची तारीख घेऊन आम्ही आवारात आलो. धाकट्याला थोरला समोर दिसला. काय झालं कळायच्या आत त्यानं कुंपणाचा एक दगड उपसला आणि फेकला. तो थोरल्याच्या खांद्याला लागला. दोन शिपायांनी धाकट्याला जमिनीवर दाबून धरलं. बायको दोघांच्या मध्ये गेली नाही. ती लेकराचं तोंड आपल्या पोटाशी धरून लांब उभी राहिली.

तो निवला तेव्हा शिपायांनी त्याला झाडाखाली बसवलं. नाकातून रक्त येत होतं. मी माझा रुमाल दिला. त्यानं मला ओळखलं.

"म्याडम," तो म्हणाला, "ते काळं काळं दिसलं म्हनते माह्या डोक्यात. ते काढता नाही येत का?"

"नाही येत," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, रुमालाची घडी घालायला लागला. तीनदा प्रयत्न करूनही घडी जमली नाही, तेव्हा तो रुमाल तसाच मुठीत धरून बसून राहिला.