आयता डबा

माउसने फाइल उचलायची, दुसऱ्या खिडकीवर न्यायची आणि बोट न सोडता तिथेच थांबायचं, ही ताईंची सवय. "थांबा भाऊ, समोरच्याला इचारू द्या," त्या म्हणत. तुम्हीही करून बघा. बाणाशेजारी अधिकचं चिन्ह आलं तर समोरचा प्रोग्रॅम घ्यायला तयार; रेघ मारलेला गोल आला तर नाही. त्या अधांतरी क्षणाचं ताईंना केवढं कुतूहल!

जालन्यात एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही दोघं होतो. त्या वडीगोद्रीच्या, माझ्याहून लहान, तरी सगळ्यांच्या ताई. एका बॅनरवाल्यासाठी आम्ही फोल्डरच्या खिडकीतच उघडणारं फोटोंचं भांडार केलं होतं. फोटो ओढायचा, डिझाइनमध्ये सोडायचा. ओढलेला फोटो एका डब्यातून जातो म्हणा. त्याला डेटा ऑब्जेक्ट म्हणतात. सिस्टिममध्ये तो तयार मिळतो. मी मात्र हट्टाने स्वतःचा लिहिला होता.

माझ्या डब्यातला फोटो डिझाइनमध्ये पडायचा, ईमेलमध्ये नाही; ईमेलला लागणारा कप्पाच त्यात राहून गेला होता. बॅनरवाला वैतागला. "सर, गिऱ्हाइकाला फोटो जाईना. आज बराबर करा, न्हाई तर आमचं जुनंच बरं."

ताईंनी माझा कोड वाचला. "पोळ्या चांगल्या केल्या, पण डबा बी घरीच ठोकला का?"

"फोटोसोबत ऑर्डरची माहितीही जायला हवी. आयत्या डब्यात ती कशी बसेल?"

"ठिवून बघितली का?"

बघितली नव्हती. सांगायला आजही लाज वाटते.

"मंग काढू का तुमचा?"

मला हो म्हणवेना. मी चहाच्या निमित्ताने खाली गेलो. परत आलो तर ताई तशाच बसलेल्या. एका ओळीलाही त्यांनी हात लावला नव्हता. मी होकाराची मान हलवली.

सिस्टिमच्या डब्यात आमची माहिती मुकाट बसली. फोटो ईमेलमध्ये पडला, डिझाइनमध्ये ऑर्डरसकट पडला. काम हातचं गेलं नाही. मी पडद्याकडे बघत होतो, ताई माझ्याकडे. "तुमचंच हाय त्यात, भाऊ. नुसता डबा बदलला."

आता त्या हैदराबादला असतात. परवा मी फोन लावला.

"ताई, एक अडलंय."

"अगं बाई! तुम्ही अन् इचारून राह्यले?" त्या हसल्या. "बोला, काय अडलं?"

खरं सांगतो, काहीच अडलं नव्हतं.