एका घरातल्या दोन जाती

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मला येईनासा झाला, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतून लग्न होऊन मी अंधेरीच्या पश्चिम टोकाला, समुद्राला टेकलेल्या या कोळीवाड्यात आले, तेव्हा तो वास आधी घशात उतरायचा आणि मग नाकाला कळायचा. खारट, उन्हानं चटका दिलेला, तळाशी किंचित गोडसर. सुरुवातीला मी तो केसांतून धुऊन काढत असे. पुढे धुणं विसरले, आणि माहेरी गेले की आईच सांगायची, आलीस गं समुद्र घेऊन. मग नवरा गेला आणि वासही गेला. बांबूंवर बोंबील तसेच लटकत होते, माशा तशाच घोंघावत होत्या. मी मधून चालत असे, आणि नाकापाशी नुसती हवा असे.

तो पार्ल्याच्या ऑफिसात, दुपारी, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. समुद्रावर तो कधी गेलाच नव्हता. होडी त्याच्या वडिलांबरोबर संपली होती. घरात आता मी आणि सासूबाई. त्या पहाटे बंदरावर जात, मासळी घेत, बाजारातल्या आपल्या ओट्यावर बसत आणि दुपारी परतत. मी भाकऱ्या करून ठेवी. त्या जेवत आणि ताट स्वतः घासत. आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. त्यांनी मला ‘राहा’ म्हटलं नव्हतं, ‘जा’ही म्हटलं नव्हतं, आणि विचारावं एवढी ऊब माझ्या जिभेत उरली नव्हती.

माझा धाकटा भाऊ मात्र दर आठवड्याला फोन करी. “ताई, तिथे आता तुझं कोण आहे गं? मूलबाळ नाही, काही नाही. रविवारी टेम्पो घेऊन येतो. आणि हे बघ, आमच्याकडे जनगणनेवाले येतायत, तुझं नाव मी इथेच लावतो.” मी ‘बरं’ म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच ‘बरं’ म्हणत असे. पेटी अर्धी भरली. उरलेली अर्धी भरण्याचा कंटाळा आला, म्हणून तिचं झाकण उघडंच राहिलं. सासूबाई तिला वळसा घालून जात येत.

रविवारच्या आधीच आमच्या गल्लीत गणनेच्या बाई आल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, पदरानं सारखा मानेवरचा घाम टिपणाऱ्या. सासूबाई दारातल्या ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या. मी आत पाटीभर लसूण सोलत होते. बोटं सोलत होती, मी नव्हते. बाईंनी मला बाहेर बोलावलं. कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाईंचं नाव लागलं. वय विचारल्यावर त्या म्हणाल्या, “लिव तुना पटंल ते.” मग धर्म झाला, आणि मग या वेळचा नवा प्रश्न आला.

“जात, आजी?”

“कोळी.”

“कोळी म्हणजे कुठले?”

सासूबाईंनी सुरी थांबवली. “कुठले म्हंजे?”

“म्हणजे कोळ्यांमध्येही पुष्कळ आहेत ना. सोनकोळी, महादेव कोळी, मल्हार कोळी… तुम्ही सांगाल ते लिहायचं, आम्ही कागद मागत नाही. पण नीट सांगा.”

समोरच्या ओट्यावरून माझी चुलत जाऊ ओरडली. ती वाळत घातलेली जाळी आवरत होती, आणि तिचा एक कान बारमाही आमच्या दारात असे. “महादेव लिवा गो बाई, महादेव! पोरांना पुढं सवलतीचा फायदा होतंय!”

“तुझ्या दारात लिव महादेव,” सासूबाई म्हणाल्या. “ते डोंगरावरचे. मी कवा डोंगर चढलेली बघितलंस मना? पार्ल्याचा पूल चढताना दम लागतंय.”

गणनेच्या बाई हसल्या. जाऊही हसली. मलाही हसू येईल असं वाटलं. चेहरा तयार झाला, आणि पुढे काही झालं नाही.

“सोनकोळी लिव,” सासूबाई म्हणाल्या. “आमी दर्यावरचे.”

बाईंचं बोट पडद्यावर फिरलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि ह्या सूनबाई. ह्यांचीपण तीच ना?”

पूर्वीही असाच कुणीतरी कसल्याशा सर्वेक्षणाला आला होता. तेव्हा नवरा दारात उभा होता, टॉवेल खांद्यावर. “आम्ही तिघंही कोळी,” असं सांगून त्यानं मला डोळा मारला होता, आणि मी आतून, फोडणीच्या धुरातून, त्याला लाटणं दाखवलं होतं. माझा जन्म मराठ्याच्या घरातला, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या त्या वाक्यात मला घेऊन टाकण्याची एक लाडिक घाई होती, आणि मला ती आवडली होती. आता ते वाक्य उच्चारणारं तोंड नव्हतं. मी स्वतः ‘कोळी’ म्हटलं असतं, तर एखादी वस्तू न विचारता उचलल्यासारखं झालं असतं. ‘मराठा’ म्हटलं असतं, तर पेटीचं झाकण लागल्यासारखं. मी लसणाची साल बोटावरून काढत राहिले.

“कोळीच लिवा की,” जाऊ म्हणाली. “आमच्या घरात आली ती आमची. काय गो, बरोबर ना?”

“नाय,” सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी मोबाइल जरा खाली घेतला.

“ती कोळी नाय. मराठा लिव. भांडुपची.”

जाऊनं जाळी खाली टाकली. “अगो आये, इतकी वर्सं झाली, नवरा गेला बिचारीचा, आता तरी…”

“तू गप.” सासूबाईंनी बोंबलाचं डोकं उडवलं आणि ते बाजूला जमलेल्या मांजरांकडे भिरकावलं. “तिच्या बापाला मी बघितलंय. लग्नाला आला नव्हता. मंग एकदा आला, इथंच बसला, या ओट्यावर. मिलमधी होता, मिल बंद झाली तवा वाचमन झाला. पापलेट वाढलं, जेवला. हात धुतला नि मना म्हनला, ‘विहीणबाई, माझी पोरगी तुमची झाली, पण मी माझा तो माझाच.’ आवडला मना तो मानूस. तोंडावर बोलला.”

हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी आत भात उपसत होते. वडिलांनी मला कधी सांगितलं नाही, सासूबाईंनीही नाही. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांच्या हाताला मिलचा तेलकट वास आयुष्यभर राहिला, असं आम्ही भावंडं म्हणत असू. तो आठवायचा प्रयत्न मी तिथे उभी राहून केला. शब्द आठवला, वास आठवला नाही.

“माझा पोर गेला,” सासूबाई गणनेच्या बाईंना म्हणाल्या, “म्हंजे तिचा नवरा गेला. आता कागदावरनं तिचा बाप पन घालवू काय? लिव मराठा.”

बाईंनी लिहिलं. एकाच घरात दोन ओळी, दोन जाती. मोबाइलनं काही तक्रार केली नाही. जाऊ पुटपुटली, “हिचं डोकंच वेगळं,” आणि जाळी उचलून आत गेली. माझ्या पायाखालचा दगड उन्हानं तापला होता, हे मला पाहून कळलं. मांजर त्यावरून पाय उचलत गेलं म्हणून. मला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. आपल्याविषयी काहीतरी खरं बोललं गेलं आहे, आणि ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागणार आहे, एवढंच जाणवत होतं.

“शेवटचं,” बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी मलाच विचारलं. “तुम्ही नेहमी इथेच राहता ना? म्हणजे यापुढेही?”

मी आत पेटीकडे पाहिलं.

“काय आहे, आत पेटी दिसली म्हणून विचारते. कुठे जाणार असाल तर सांगा. एक माणूस एकाच ठिकाणी मोजायचं असतं. तिकडे कुणी तुमचं नाव लावलं आणि इथेही लागलं, असं नको.”

“भाऊ लावणार आहे,” मी म्हणाले. “भांडुपला.”

“मग इथून काढू?”

प्रश्न साधा होता. त्यात कसलाही डंख नव्हता. बाईंना पुढच्या दारी जायचं होतं, ऊन वाढत होतं. ‘काढा’ म्हणायला मी तोंड उघडलं. तो शब्द माझ्या त्या दिवसांतल्या सगळ्या ‘बरं’सारखाच सोपा होता, जिभेवर नुसता ठेवायचा होता. बाईंचा अंगठा पडद्यावर थांबलेला. सासूबाईंची सुरीही थांबलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं असेन. नाकाच्या शेंड्यावर बोंबलाचा एक पारदर्शक तुकडा चिकटलेला, डोळे खाली, मनगटं ओली. ज्या बाईनं मला आत्ताच भर गल्लीत ‘ही आमच्यातली नाही’ म्हणून सांगितलं होतं, तिच्या हनुवटीखालची कातडी थरथरत होती.

त्यांनी मान वर केली नाही. पुढचा बोंबील उचलला, त्याच्या पोटात सुरी घातली, आणि मला म्हणाल्या,

“ऱ्हा.”