बाहेरून लावलेलं कुलूप

लाखनीजवळच्या आमच्या गावात बायांचं शिवणकामाचं केंद्र आहे. त्याला मालक कोणी नाही, म्हणजे आम्ही सगळ्याच मालक. कोणतं काम घ्यायचं, किती वाजता घरी जायचं, हे आम्ही हात वर करून ठरवतो. दाराला बाहेरून कुलूप लावायचं तेही असंच ठरलं. माझा हात वर होता. हे आधीच लिहून टाकते, कारण नंतर बऱ्याच जणी म्हणाल्या की आम्ही तर गप्प बसलो होतो.

त्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम उशिरा आलं आणि नेमका रोवणा सुरू झाला. धान लावायला बाया मिळेनात. मग रोज कोणाचा नवरा, कोणाची सासू केंद्राच्या दारात उभी. एकीला हाक आली की ती मशीन सोडून चपला शोधायची आणि तिच्यामागे दुसरी उठायची. गणवेश वेळेत गेले नसते तर शाळेने ते काम परत आमच्या जुन्या ठेकेदाराला दिलं असतं आणि आम्हालाही परत त्याच्याच दारात जावं लागलं असतं. म्हणून एकीने तोड काढली. दाराला बाहेरून कुलूप घालायचं, मी ओट्यावर बसून बटणं लावायची आणि येईल त्याला सांगायचं की आज केंद्र बंद आहे.

तरुणपणी मी नागपूरला एका शेडमध्ये शिवत होते. तिथला मुकादम दाराला कुलूप घालून जेवायला जायचा. तो परत येईपर्यंत शिवताना माझं निम्मं लक्ष दाराकडेच. सभेत मी हे सांगितलं, पण अर्धवट सांगितलं. एक जण म्हणाली, “ते मालकाचं कुलूप होतं, मावशी. हे आपलं हाये. आपल्याच कुलपाले कायले भ्यायचं?” मला ते पटलं आणि मी हात वर केला.

दोन दिवस मजेत गेले. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात मशीनचा आवाज दबून जायचा. तरी एकीचा नवरा कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, आत मशीन चालून राहिल्या न? मी म्हटलं, उंदरं शिवून राहिले. तो हसून निघून गेला. आतल्या बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या. त्यात माझी सूनही होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेळीला पाणी पाजायला घरी गेले. घर चार घरं सोडून आहे. पाठ दुखत होती म्हणून जरा आडवी झाले आणि डोळा लागला. किती वेळ, ते मला माहीत नाही. किल्ली कमरेला होती, लुगड्याच्या गाठीत.

परत आले तेव्हा खिडकीच्या जाळीतून धूर निघत होता आणि जाळीला बोटं होती. खूप बोटं. आरडाओरडा झाला असणार, पण ट्रकांच्या आवाजात तो कोणालाच ऐकू गेला नव्हता. इस्त्रीची वायर जळाली होती आणि टेबलाखालच्या चिंध्यांनी पेट घेतला होता. आत प्यायच्या पाण्याची पितळी गुंडी भरलेली होती, पण वायरीत करंट होता, म्हणून पाणी ओतायला कोणी धजेना. मेन बटण बाहेर ओट्यावर होतं, दाराच्या शेजारीच.

मी मात्र किल्लीच्याच मागे लागले. घामाने गाठ आवळली होती, ती सुटेना. दातांनी ओढली. किल्ली कुलपात घातली तर उलटी. माझ्या डोक्यात एवढंच होतं की माझी सून आत आहे आणि तिला मीच कोंडलं आहे.

जाळीतून तिचाच आवाज आला. ओरडली नाही ती. म्हणाली, “आई, पयले मेन बटन बंद करा. मंग कुलूप.”

मी बटण बंद केलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि चिंध्या चुरचुरल्या. मग कुलूप निघालं. बाया खोकत बाहेर आल्या, एक ओट्यावरच ओकली. मेलं कोणी नाही. एका बाईचा पंजा भाजला. गणवेशांचा एक ढीग काळा झाला, तो आम्ही पुन्हा शिवला. अर्धा दिवस रोवणा आणि अर्धा दिवस मशीन, असं केलं आणि काम वेळेत दिलं. हे आधीही करता आलं असतं, पण तेव्हा कोणाला सुचलं नाही.

पुढच्या सभेत कोणीतरी म्हणालं की कुलूप आतून लावू, किल्ली आतच ठेवू. त्या वेळी मी हात खालीच ठेवला. सुनेनेही. आता दार सताड उघडं असतं. नवरे येतात, सासवा येतात, वाद होतात. वाऱ्याने दार लोटलं गेलं तरी माझ्या हातातली सुई थांबते, म्हणून मी उंबऱ्यात एक वीट ठेवली आहे.

सुनेने त्या दिवसानंतर आपली मशीन ओढून दाराजवळ घेतली. सकाळी मी केंद्रात शिरले की ती मान वर करून आधी माझ्या कमरेच्या गाठीकडे बघते आणि मगच पाय मशीनवर ठेवते.