शालनच्या जाळ्याचा खटला

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बाररूममध्ये तर नाहीच — तिथे बोललेलं चहा येईपर्यंत तालुकाभर होतं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी वकील आहे. माहेर पलूसचं, उसातलं. लग्नानंतर म्हसवडच्या बाजूला आले आणि तालुक्याच्या कोर्टात वकिली करू लागले. या कोरड्या मुलखात मासेमारीचे खटले चालतात म्हटलं की माहेरची माणसं हसतात. पण तलाव आहेत, आणि तलावावर पोट भरणारी भोयांची घरंही आहेत. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. संस्थेचा सभासद असेल त्यालाच पाण्यात जाळं टाकता येतं. शालन त्यांच्यातलीच; नवरा गेल्यावर त्याच्या जागी सभासद झाली होती. झिंगे धरायची, म्हसवडच्या बाजारात विकायची. झिंगा बोटाच्या पेराएवढा — त्याला बारीक भोकांचंच जाळं लागतं.

मत्स्य खात्याच्या कार्यालयातून आदेश निघाला, की बारीक जाळी बंद. माशांची पिल्लं वाचावीत हा हेतू, आणि तो काही वाईट नव्हता. शालन पाण्यातच सापडली, जाळं जप्त झालं, खटला भरला गेला. ती माझ्याकडे आली.

मी कायदा काढून वाचला. असा नियम करायचा अधिकार सरकारचा. आधी मसुदा जाहीर करायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग राजपत्रात छापायचा. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. कुणा साहेबाने सही करून शिक्का मारला होता, बस्स. म्हणजे तो नियमच नव्हता. आणि नियमच नाही, तर तो मोडल्याचा गुन्हा कसला? मुद्दा इतका स्वच्छ होता की मी खुर्चीत एकटीच हसले.

मग मांडला का नाही?

त्याच्या थोडं आधी एका दुसऱ्या खटल्यात मी असाच मुद्दा काढला होता. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘बाई, हे हायकोर्ट नाही.’’ सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा. पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये मला ‘हायकोर्ट’ म्हणायचे — ‘या हायकोर्ट, बसा हायकोर्ट, हायकोर्टला साखर कमी.’ मीही त्यांच्याबरोबर हसायचे, आणि घरी येऊन मुलांवर खेकसायचे. तेव्हाच कानाला खडा लावला होता. एवढंच कारण. कुणी धमकी दिली नाही, कुणी काही देऊ केलं नाही. मला पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं.

आमच्याकडे किरकोळ खटल्यांत कबूल करून मोकळं व्हायची रीत आहे. आरोपी ओळीने उभे राहतात, ‘कबूल’ म्हणतात, दंड भरतात, एसटी गाठतात. शालनलाही मी त्या ओळीत उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? तिने माझ्याकडे बघितलं. मी फाइलमध्ये बघितलं. ‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. आणि मग, ‘‘पर सायेब, झिंगं मोठ्या जाळ्यात ऱ्हात न्हाईत...’’ मी तिला कोपराने ढोसलं.

संस्थेच्या पोटनियमात होतं — गुन्हा शाबीत झाला की सभासदत्व रद्द. हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. तलाव तिच्या दारासमोर, आणि त्यात हात घालायची तिला बंदी झाली.

पुढे दुसऱ्या तलावावरच्या लोकांसाठी साताऱ्याच्या एका वकिलाने नेमका तोच मुद्दा मांडला आणि सेशन कोर्टाने मान्य केला. आदेश बिनअधिकाराचा ठरला, माणसं सुटली. कुणी हसलं नाही. शालन धावत आली. पायऱ्या चढून दम लागला होता तिला. ‘‘वकीलबाई, माजं बी सुटंल न्हवं आता?’’

मी म्हणाले, ‘‘तू कबूल केलंयस. त्याला अपील नसतं.’’ हे खरं होतं. पण अपील नसलं तरी फेरतपासणीचा अर्ज करता आला असता, उशीर माफ करून घेता आला असता — हे मी सांगितलं नाही. अर्ज केला असता तर वरच्या कोर्टाने पहिला प्रश्न काय विचारला असता? हा मुद्दा तेव्हा का काढला नाही? कोण होतं वकील?

‘‘बरं,’’ म्हणून ती जिना उतरून गेली.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी फरशी पुसायला आली ती शालन. सफाईच्या ठेकेदाराने दिलेल्या निळ्या साडीत होती. मला ओळखून तिने पोछा बाजूला ठेवला, सासूबाईंच्या पायाशी बसली आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईला अभिमानाने म्हणाली, ‘‘ह्या आमच्या वकीलबाई. ह्येंनी मला तुरुंगातनं वाचिवलं. लय केलं माज्यासाठी.’’

तुरुंग. ती कबूल करायला तयारच नव्हती — ‘‘आवं, म्या काय चोरी केली व्हय?’’ म्हणत माझ्या टेबलाशी उभी राहिली होती. तेव्हा मी तिला सांगितलं होतं, लढलीस तर आत जावं लागेल. तिची पोरगी लहान होती. त्या कलमात तुरुंग नव्हताच, नुसता किरकोळ दंड होता. आणि हे सांगताना ते पान माझ्यासमोर उघडं होतं.

शेजारच्या बाईने मला हात जोडले.

मी म्हणाले, ‘‘त्यात काय, आमचं कामच आहे ते.’’